पेट्रोलची जीप डिझेलवर कशी आली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, लढाया येतात, ताम्रपट येतात. आज मी ज्या कागदाविषयी बोलणार आहे तो ताम्रपट नाही. तेलाच्या बोटांनी काळवंडलेले एक आरसी बुक आहे ते. त्यात इंधनाच्या रकान्यात आधी ‘पेट्रोल’ असे लिहिलेले होते. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी ‘डिझेल’ लिहिले आहे, आणि खाली शिक्का व सही आहे. एका शब्दावर मारलेली ती रेघ म्हणजे आमच्या नंदुरबारच्या डोंगरी भागाच्या इतिहासाचे एक पान आहे, असे मी म्हटले तर आपण हसाल. पण पुढचे थोडे ऐका आणि मग ठरवा.

नंदुरबार जिल्हा तसा वयाने लहान. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी आम्ही सारे धुळेकर, आणि त्याही आधी खानदेशी. जिल्ह्याच्या खालच्या अंगाला तापीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे. तिथे शहादा, तळोदा, नंदुरबार ही गावे. वरच्या अंगाला सातपुडा. त्या डोंगरात अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके आणि पलीकडे नर्मदा. सपाटीवर रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आली. सुरतेहून निघालेली तापी खोऱ्याची गाडी नवापूर, नंदुरबार करत पुढे जाई. डोंगरात मात्र बैलगाडीसुद्धा धड चढत नसे. माणूस आजारी पडला की बांबूला झोळी बांधायची आणि चौघांनी खांद्यावर घेऊन उतरायचे. ही झोळी अजूनही पूर्ण सुटलेली नाही, हे सांगताना मला लाज वाटते.

या डोंगरात पहिल्याने जी चारचाकी सर्रास पोचली ती जीप.

जीप जन्माला आली ती युद्धासाठी. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीची मागणी नोंदवली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. विलीजचे जे इंजिन त्यात बसले ते पेट्रोलवर चालणारे, चार सिलिंडरचे, २,१९९ घनसेंटिमीटरचे आणि साठ अश्वशक्तीचे होते. त्या काळात अमेरिकेत पेट्रोल पाण्याच्या भावाने मिळे. किती पिते हा प्रश्न त्या गाडीला कुणी विचारलाच नाही.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. विलीजच्या जीपचे सुटे भाग बोटीने यायचे आणि माझगावला त्यांची जुळणी व्हायची. हळूहळू भागही इथेच होऊ लागले. उंच बॉनेटची जी जीप आपण सर्वांनी पाहिली ती सीजे-थ्री-बी. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. आपल्याकडे तिचा वंश पुढे कितीतरी वर्षे चालू राहिला.

ही गाडी खेड्यात आली ती सरकारच्या हाताने. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली, पुढच्याच वर्षी हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. बीडीओ साहेबांची जीप, डॉक्टरांची जीप, पाटबंधाऱ्याची जीप. आमच्या लहानपणी ‘जीप आली’ म्हणजे ‘सरकार आले’ असाच अर्थ होता. पोरे मागे धावत आणि मोठी माणसे घरात जात.

सरकारी गाडी जुनी झाली की तिचा लिलाव होतो. लष्कराच्याही जुन्या गाड्या अशाच विकल्या जात. हा लिलाव आमच्या भागात फार महत्त्वाचा ठरला. सरकारला नकोशी झालेली जीप कुणी शेतकरी, कुणी दुकानदार, कुणी नोकरीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर विकत घेई. दोन्ही बाजूंना लाकडी बाके ठोकी, वर ताडपत्री टाकी आणि बाजाराच्या दिवशी माणसे वाहू लागे. एस.टी. मुख्य रस्त्यापर्यंत यायची. तिथून पुढे, कच्च्या रस्त्याने, नदीच्या पात्रातून, घाटाच्या वळणांवरून ही जीप.

पण एक अडचण होती. सरकारी जीपचे पेट्रोल सरकार भरत होते. आता ते मालकाला भरायचे होते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तेलाचे राजकारण सुरू झाले. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेले कच्चे तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले. आपल्याकडेही पेट्रोल कडाडले. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले, ते चित्र आजही पाहायला मिळते. पेट्रोल ही श्रीमंतांची चैन आणि डिझेल ही गरिबाची गरज, अशी सरकारची धारणा होती. ट्रक, एस.टी. डिझेलवर, कित्येक शेतीपंप आणि रेल्वेगाड्याही. म्हणून डिझेलचा भाव मुद्दाम खाली ठेवला गेला. मोटारवाल्या साहेबाला या धोरणाचा चटका बसला. पण त्याच चटक्यात लिलावाची जुनी जीप चालवून पोट भरणारा माणूसही सापडला, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

आपण एक हिशेब करू. पेट्रोलची जुनी जीप घाटात लिटरला आठ किलोमीटर देते असे धरा. डिझेलची बारा देते असे धरा. शंभर किलोमीटरला एकीला साडेबारा लिटर लागेल, दुसरीला आठ लिटर आणि थोडे. आता डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्मा असेल, तर खर्च किती? सरळ एक तृतीयांश. म्हणजे तीन फेऱ्यांचे पैसे एका फेरीला जात होते ते वाचले. हा हिशेब कागदावर मांडायची ड्रायव्हर लोकांना गरज नव्हती. संध्याकाळी खिसा चाचपला की तो कळायचा. शहाद्यातला एक जुना जीपवाला अहिराणीत म्हणायचा, ‘पेट्रोलनी गाडी पाव्हनाले बरी, पोटले नही.’

डिझेल कमी का लागते, हेही थोडक्यात सांगतो. पेट्रोल इंजिनात कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करतो आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे जे इंजिन चालवून दाखवले त्यात ठिणगीच नव्हती. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते आणि नोझलमधून तेलाचा फवारा आला की तो स्वतः पेट घेतो. विलीजचे पेट्रोल इंजिन हवा साधारण साडेसहा पट दाबते, जीपमधले छोटे डिझेल इंजिन वीस पटीच्या आसपास. जितका दाब अधिक, तितके तेलातून काम अधिक निघते. शिवाय ठिणगी नाही म्हणजे प्लग नाही, पॉइंट नाही, डेल्को नाही. नदीच्या पात्रात डेल्कोवर पाणी उडाले की पेट्रोलची जीप मधोमध बसायची. डिझेलला ती भीती नव्हती. पावसाळ्यात डोंगरातले ओढे ज्याने ओलांडले आहेत त्याला याची किंमत विचारा.

आता हे इंजिन आणायचे कुठून?

इथे एक गंमत आहे. मिस्त्री लोकांनी जे गॅरेजात केले तेच मोठ्या कारखान्यानेही केले. मुळात जीपची बांधणी पेट्रोलसाठी. अमेरिकी कंपनीनेही १९६१ पासून आपल्या सीजे-५ जीपमध्ये पर्किन्सचे डिझेल इंजिन देऊ केले होते. इंग्लंडच्या लँड रोव्हरला १९५७ मध्येच डिझेल इंजिन मिळाले होते. आपल्याकडे महिंद्रच्या घरात ट्रॅक्टर होता. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने १९६३ मध्ये सुरू झालेली ट्रॅक्टर कंपनी १९७७ मध्ये महिंद्रमध्ये विलीन झाली, आणि त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपच्या बॉनेटखाली आले. १९७९ मध्ये कंपनीने फ्रान्सच्या पेजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. आपल्या नाशिक जिल्ह्यात, कसारा घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीला ते इंजिन तयार होऊ लागले. १९८५ मध्ये आलेल्या एमएम-५४० या जीपमध्ये हेच पेजोचे इंजिन. अमेरिकी सांगाडा, फ्रेंच इंजिन आणि मराठी कामगार.

त्याचे आकडे पाहा. विलीजचे पेट्रोल इंजिन २,१९९ घनसेंटिमीटर आणि साठ अश्वशक्ती. पेजोचे डिझेल २,११२ घनसेंटिमीटर आणि बासष्ट अश्वशक्ती. म्हणजे ताकद जवळजवळ तेवढीच. ‘डिझेल म्हणजे ओढ जास्त’ असे सरसकट म्हणतात, ते ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या संथ ओढीवरून आले असावे. खरा फरक ताकदीचा नव्हता, दर किलोमीटरच्या पैशांचा होता.

नवी डिझेल जीप घेण्याची ऐपत नसलेल्या माणसापुढे एकच वाट होती. जुन्या जीपमधले पेट्रोल इंजिन काढायचे आणि जुनेच, पण डिझेलचे, त्यात बसवायचे. अपघातात मोडलेल्या गाडीचे इंजिन, मॅटॅडोरचे इंजिन, मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारातून ट्रकवर टाकून आणलेले इंजिन. जे मिळेल ते.

१९८६ च्या पावसाळ्याआधी मी असे एक काम जवळून पाहिले. मी तेव्हा डोंगरातल्या एका शाळेत शिक्षक होतो आणि सुट्टीवरून परत जाताना ज्या जीपने मी नेहमी जायचो तीच गॅरेजात उघडी पडलेली. मालक म्हणाला, ‘गुरुजी, आठ दिवस पायी जा. नंतर कायमचे घेऊन जाईन.’ त्याने घरातली म्हैस विकली होती. बायकोच्या पायातले चांदीचे वाळे गहाण पडले होते. मिस्त्रींना सारे ‘चाचा’ म्हणत. चौथीपर्यंत शिकलेले. मोजमापाला त्यांच्याकडे एक पोलादी पट्टी, एक कॅलिपर आणि स्वतःची बोटे.

चेन-कप्पीला लटकवून जुने इंजिन बाहेर काढले. नवे आत सोडले आणि मग अडचणी सुरू झाल्या. नव्या इंजिनाची भोके जुन्या गिअर पेटीच्या बेल हाउसिंगला जुळेनात. मध्ये जाड लोखंडी प्लेट घालावी लागते. ती लेथवाल्याकडून कापून आणली. चाचा मला म्हणाले, ‘गुरुजी, सगळा खेळ या प्लेटचा आहे. इंजिनाचा दांडा आणि गिअर पेटीचा दांडा एका रेषेत आला पाहिजे. केसभर चुकला तर क्लच थरथरेल, बेअरिंग ओरडेल आणि सहा महिन्यांत पेटी फुटेल.’ तीन वेळा त्यांनी प्लेट परत पाठवली. तिसऱ्या वेळी लेथवाला चिडला. चाचा शांतपणे म्हणाले, ‘घाटात तू बसणार नाहीस, ही माणसे बसणार आहेत.’

मग इंजिनाची फाउंडेशन. डिझेलचा हादरा मोठा, म्हणून चासीला नवे ब्रॅकेट आणि जाड रबर. इंजिनाचा चेंबर पुढच्या एक्सलच्या गोळ्यावर आपटत नाही ना, ते पाटे दाबून पाहिले. इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यात एक पान वाढवले. रेडिएटर पुढे सरकवला. डिझेलची एक नळी पंपाकडे जाते आणि उरलेले तेल परत आणणारी दुसरी नळी टाकीला लागते, ती नव्याने ओढली. पाणी वेगळे करणारा फिल्टर, हीटर प्लग, मोठी बॅटरी, जोरकस सेल्फ. शेवटी पाइपातली हवा काढायची. हवा राहिली तर डिझेल चालू होत नाही. पंपाचा नट सैल करून हाताने दट्ट्या मारत राहायचे, बुडबुडे संपेपर्यंत. नवव्या दिवशी संध्याकाळी ते इंजिन धडधडले. मालकाने नारळ फोडला. चाचांनी मात्र बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ नुसते ऐकले.

एक गोष्ट त्यांना बदलता आली नाही. सीजे-थ्री-बी जीपच्या एक्सलचे प्रमाण ५.३८ असते. टॉप गिअरमध्ये इंजिनाचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेऊ शकते, म्हणून त्याला हे चालते. पण ट्रॅक्टरच्या वंशातले संथ डिझेल इंजिन २,३०० फेऱ्यांवर थांबत असेल, तर चाक मिनिटाला सुमारे ४२७ फेरे घेईल आणि जीपच्या सोळा इंची रिमच्या टायरवर गाडी ताशी साधारण छप्पन्न किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. ज्यांना महामार्गावर पळायचे असे ते क्राउन-पिनियन बदलत. आमच्या मालकाला पळायचे नव्हते. घाटात छप्पन्नची गरज कुणाला?

त्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या शाळेतल्या एका मुलाच्या आईला बाळंतपणात अडले. गावाबाहेर दोन ओढे भरून वाहत होते. त्या जीपने दोन्ही ओढे ओलांडले आणि पहाटेपर्यंत तिला खाली दवाखान्यात पोचवले. आई आणि मुलगी दोन्ही वाचल्या. सहा महिने आधी असते तर ती जीप कदाचित ओढ्यात बंद पडली असती, किंवा पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून अंगणातच उभी असती. मालकाने भाडे घेतले नाही. पुढे दोन वर्षांनी त्याने वाळे सोडवले, हे मला त्याच्या बायकोच्या पायांवरून कळले.

श्रोते हो, म्हणून मी त्या रेघेला इतिहास म्हणतो. पण इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

सगळे मिस्त्री चाचांसारखे नव्हते. प्लेट घाईने कापणारे होते, फाउंडेशन नुसते झाळून देणारे होते. इंजिन जड झाले, माणसे दुपटीने भरली, टपावरही बसली, पण ब्रेक तेच राहिले, मूळ विलीजच्या मापाचे नऊ इंची ड्रम. उतरणीवर या हिशेबाची किंमत किती जणांनी चुकवली ते घाटाची वळणेच सांगतील. शिवाय झिजलेल्या पंप-नोझलच्या गाड्यांचा काळा धूर. पोटाचा प्रश्न सुटला, तो बाकाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या पोराच्या छातीत थोडा जाऊन बसला.

कायद्याचेही तसेच. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात असा बदल नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी बुकात चढवून घेण्याची सोय होती. सुरुवातीला सांगितलेली आडवी रेघ त्यातलीच. १९८८ चा नवा कायदा आला आणि २००० सालच्या दुरुस्तीने त्यातले कलम ५२ कडक झाले. निर्मात्याने ठरवून दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येणार नाही, असा नियम झाला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितले. सीएनजी किंवा विजेसारख्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच, ठरावीक अटींवर, बसवता येतो. पण भंगारातले इंजिन उचलून आणावे आणि बसवावे, हा काळ संपला. तो संपला हे बरेच झाले. मात्र ज्यांनी तो काळ आणला त्यांना नुसते बेकायदा म्हणून मोकळे होऊ नये. नियम पाळणारी नवी गाडी त्या घाटात यायला तयार नव्हती, तेव्हा ही आली होती.

आणि ज्या कारणासाठी हे सारे झाले ते कारणही विरघळले. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी बंधनातून मोकळे झाले. दोन्हींतले अंतर पूर्वीसारखे राहिले नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. आता इंजिनाच्या डोक्यात संगणक बसला आहे आणि चाचांची पोलादी पट्टी तिथे चालत नाही.

काळाचा फेरा असा की, आज हौशी मंडळी जुन्या जीपसाठी मूळ पेट्रोल इंजिन शोधत फिरतात. मूळ इंजिनासकट जीप असेल तर तिला मान मोठा, आणि डिझेल बसवलेली असेल तर नाक मुरडतात. काही जण तर डिझेल काढून पुन्हा पेट्रोल बसवतात. हौसेला मोल नसते आणि जुन्या वस्तू जपणे चांगलेच. पण असे एक गृहस्थ मागे चाचांच्या गॅरेजात आले होते, हे मला चाचांच्या मुलाने सांगितले. मागच्या अंगणात ते १९८६ चे काढलेले पेट्रोल इंजिन तसेच पडले होते. त्यावर इतकी वर्षे टायर ठोकायचे, कपडे वाळत घालायचे, कोंबड्या बसायच्या. गृहस्थांनी विचारले, ‘हे ओरिजिनल आहे का?’

चाचांचा मुलगा म्हणाला, ‘हो साहेब, ओरिजिनल आहे. म्हणून तर काढून ठेवले.’